केसाच्या मुळाशी उगवणारी टणक गाठ: माझा अनुभव

म्हापशाच्या ओपीडीत लहान मुलाच्या भुवईजवळची किंवा गालावरची गाठ दिसली की आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'कॅन्सर न्हय मगो?' उत्तर देण्याआधी मी बोटाने तपासते. चरबीची गाठ मऊ लागते, बोटाखालून सटकते. पिलोमॅट्रिकोमा (केसाच्या मुळाशी उगवणारी गाठ) मात्र खड्यासारखा टणक, कातडीला चिकटलेला. कातडी ताणली की त्याचे कोपरे वर उठतात. केस घडवणाऱ्या पेशींपासून तो उगवतो, आत कॅल्शियम साठते. बहुतेकदा निरुपद्रवी असतो. गाठ नाकाच्या मध्यरेषेवर असेल तर डर्मॉइड सिस्टची (जन्मजात पिशवीसारख्या गाठीची) शंका घ्यायची. तिची मुळे कवटीच्या आत पोचलेली असू शकतात, म्हणून एमआरआय झाल्याशिवाय हात लावत नाही.

सुईने पेशी ओढून करायच्या तपासणीवर माझा फारसा विश्वास नाही. सुईत नुसत्या गडद, लहान पेशी आल्या तर स्लाइड कॅन्सरची वाटू शकते. निदान पटवणाऱ्या केंद्रहीन 'घोस्ट' पेशी त्या थेंबात येतीलच असे नाही. म्हणून लॅबच्या फॉर्मवर वय, जागा आणि 'दगडासारखी टणक' एवढे तरी लिहावेच.

खात्रीचा उपाय म्हणजे अख्खी गाठ काढणे. अगदी लहान मुलाला पूर्ण भूल लागते. मोठ्या मुलाला जागा बधिर करणारे २ टक्के लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या १:२,००,००० अ‍ॅड्रेनलिनसह. लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त साधारण १० मिली. टोचल्यावर सात-आठ मिनिटे थांबले तर रक्त कमी येते. न थांबण्याची घाई बरेच जण करतात. भुवई भादरत नाही, आणि ब्लेड केसांच्या दिशेला समांतर तिरके धरते, नाहीतर केसांची मुळे कापली जाऊन टक्कल पडते. चिकटलेली कातडी गाठीसोबतच काढायची. गाठ भुसभुशीत असते. खरवडून काढली की कण मागे राहतात आणि तिथेच ती पुन्हा उगवते.

काढलेली गाठ तपासणीसाठी १० टक्के फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात), तिच्या दहापट तरी द्रावणात, रुंद तोंडाच्या बाटलीत घालायची. सलाइनमध्ये पेशी सडतात. फार टणक असेल तर लॅबला आधी कॅल्शियम विरघळवावे लागते, रिपोर्टला उशीर होतो.

चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवशी निघतात. तोवर समुद्रात आंघोळ नाही. अनेक गाठी असतील तर रुग्णाशी हात मिळवून पाहते: त्याची मूठ चटकन सुटत नसेल तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफीची (स्नायू लवकर सैल न होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी लागते. प्रौढात झपाट्याने वाढणारी किंवा पुन्हा आलेली गाठ मी इथे कापत नाही, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवते.