तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्खोझमध्ये शेतकऱ्याला पगार किती मिळायचा?

जुन्या सोव्हिएत मासिकांतले गव्हाच्या राशीपुढे हसणारे शेतकरी ज्यांनी पाहिलेत, ते हा प्रश्न हमखास विचारतात. सरळ उत्तर द्यायचं तर पगार नव्हताच. 1930 च्या दशकात कोल्खोझवर, म्हणजे सामुदायिक शेतावर, राबणाऱ्याच्या नावे श्रमदिन मांडले जात. एका श्रमदिनाला काय पडणार, हे हंगाम संपून सगळी देणी भागेपर्यंत कुणालाच ठाऊक नसे.

श्रमदिन म्हणजे एक दिवसाचं काम नव्हे. 1933 मध्ये शेतकामांचे सात गट ठरवून दिले गेले. सर्वांत हलक्या कामाचं दिवसाचं माप पुरं केलं तर 0.5 श्रमदिन, सर्वांत कसबी कामाचं केलं तर 2. राखणदार तळाला, अवघड यंत्रं चालवणारा वर. माप अर्धंच झालं तर श्रमदिनही अर्धाच. हिशेब मुकादमाच्या हाती. 1935 च्या नमुना नियमावलीप्रमाणे त्यानं निदान आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या पुस्तिकेत नोंद करायची.

मग मळणी. आपल्याकडे खळ्यावरच बलुतेदार आपापला वाटा उचलत आणि उरलेली रास कुणब्याची असे. इथंही राबणारा रांगेत शेवटी, पण पुढचे घेणेकरी जबर. आधी सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य, म्हणजे धान्यभरती. मग सरकारी मशीन-ट्रॅक्टर स्टेशनची मजुरी, तीही धान्यातच, कारण ट्रॅक्टर कोल्खोझच्या मालकीचे नसत. मग बियाणं, वैरण. त्यानंतर जे उरेल ते भागिले एकूण श्रमदिन. मधल्या काळात चूल पेटावी म्हणून मळणी सुरू झाली की उचल मिळे, पण मळलेल्या धान्यापैकी शेताच्या स्वतःच्या गरजांसाठी राखलेल्या 10-15 टक्क्यांतूनच.

समजण्यापुरते आकडे घेऊ. मळणी 5000 क्विंटल. सरकारला 1500, स्टेशनला 700, बियाण्याला 900, वैरणीला 500. उरले 1400 क्विंटल. गावाचे मिळून 70,000 श्रमदिन असतील तर श्रमदिनाला 2 किलो. आता मुकादमानं मर्जीतल्यांच्या नावे भरमसाट नोंदी केल्या, कचेरीतल्या बैठ्या कामालाही श्रमदिन लावले आणि आकडा 1,00,000 वर गेला, तर तेच धान्य 1.4 किलोनं वाटलं जाणार. धान्य तेवढंच, श्रमदिन तेवढे स्वस्त.

दुसरी गोम पिकाच्या अंदाजात. 1933 पासून उत्पन्न खळ्यावरच्या तराजूनं न धरता उभ्या पिकावरून धरू लागले. कापणीत सांडलेलं, पावसात भिजलेलं, वाहतुकीत गळालेलं धान्यही त्यात ‘पिकलेलं’च. त्या वर्षीचं देशभरातलं धान्याचं अधिकृत पीक 8.98 कोटी टन. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज 7 कोटींच्या आसपास. स्टेशनची मजुरी उताऱ्याच्या अंदाजावर बेतलेली असल्यानं कागदावरचं पीक फुगलं की कोठारातलं खरं धान्य जास्त जायचं.

आता त्या फोटोंकडे पुन्हा पाहा. लाल झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग, पोत्यांवर बसलेली माणसं, वर घोषणांचा फलक. त्याला ‘लाल तांडा’ म्हणत. ते धान्य सरकारी भरतीकडे निघालेलं असे. भरती ही तर कोल्खोझची ‘पहिली आज्ञा’च म्हणवली जाई. प्रचारानं खोटा फोटो काढायची गरजच नव्हती, रांगेतल्या पहिल्या घेणेकऱ्याचा फोटो काढला की पुरे. उद्दिष्ट गाठणाऱ्यांची नावं लाल फळ्यावर, मागे पडलेल्यांची काळ्या फळ्यावर. 1932 च्या शेवटी युक्रेनमध्ये काळ्या फळ्यावर नाव म्हणजे नुसती नाचक्की नव्हती: दुकानातला माल उचलून नेत, खरेदी-विक्री बंद करत, कर्ज मुदतीआधीच वसूल करत. उपासमारीत असलेल्या गावाला हे.

कापणीनंतर शेतात पडलेल्या ओंब्या, आपला सरवा, वेचून पोट भरावं म्हटलं तर 7 ऑगस्ट 1932 चा कायदा आडवा येई. कोल्खोझचा माल चोरल्यास गोळी, सौम्य परिस्थिती असली तरी किमान दहा वर्षं. लोक त्याला ‘पाच ओंब्यांचा कायदा’ म्हणत.

मग माणसं जगली कशावर? जी जगली ती मुख्यतः परसातल्या तुकड्यावर. 1935 च्या नियमावलीनं बहुतेक ठिकाणी पाव ते अर्धा हेक्टर, एक गाय, पिलांसह एक डुकरीण आणि हव्या तेवढ्या कोंबड्या ठेवायची मुभा दिली. बटाटा आणि दूध इथलं, त्यातही दूध-मांसाची सरकारी भरती होतीच. लोक सामुदायिक शेतापेक्षा परसात जास्त राबतात हे दिसल्यावर 1939 मध्ये वर्षाला किमान 60 ते 100 श्रमदिनांची अट आली, आणि ती चुकली तर कोल्खोझमधून नाव कमी आणि तुकडाही गेला. गाव सोडून शहर गाठणंही सोपं नव्हतं, कारण 1932 च्या डिसेंबरात सुरू झालेले, शहरात राहायला लागणारे अंतर्गत पासपोर्ट बहुतेक खेड्यांना दिलेच नव्हते.

हमखास मासिक वेतन कोल्खोझमध्ये आलं ते 1966 मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.