वारो सुटांदे रे म्हाराजा

आईबाबांना घेऊन स्कॉटलंडला, स्काय बेटावर गेलो होतो. दुपारी पाऊस थांबला, ढग तसेच, पानसुद्धा हलत नव्हतं, म्हटलं चला बाहेर बसून चहा घेऊ. थर्मासचं झाकण उघडेपर्यंत मिजेस, म्हणजे इथल्या चावऱ्या बारीक माश्या, हजर!

आपल्या केळ्यांवरच्या चिलटांपेक्षाही बारीक असतात ह्या. चावतात फक्त माद्या. आपल्या श्वासाच्या वासावर येतात आणि एकीला जागा सापडली की तिच्या वासावर बाकीचं खानदान येतं. मे ते सप्टेंबर म्हणजे नेमका सुट्टीचा सीझन, त्यात दमट हवा आणि संध्याकाळ असली की विचारूच नका. इथे हवामानासारखा मिजेसचा पण अंदाज देतात. डोक्यावर जाळीची टोपी घालून हिंडणारे लोक दिसतात. एव्हॉनचं स्किन सो सॉफ्ट म्हणून एक अंगाला लावायचं तेल आहे, त्यावर इथल्या लोकांची फार श्रद्धा. खरा उपाय एकच, वारा. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा सुटला की यांना उडता येत नाही. हे कळल्यावर आईने तिथेच हात जोडून मालवणीत गाऱ्हाणं घातलं आणि बाबांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, जाळीच्या आतून!

चावण्याचं मला एवढं काही नाही, ‘खाजवू नकोस’ म्हणणाऱ्या माणसांचा मात्र राग येतो. अरे मग काय करू? मी नखाने फुली मारते. चावल्यावर उठलेल्या गांधीवर आडवं एक, उभं एक, दाबून. लहानपणापासून मारतेय आणि खाज थांबते म्हणजे थांबते.

ही फुली आजोळची. सावंतवाडीकडचं घर, मे महिन्याचा शेवट, दिवेलागणीला आजी गोठ्यात शेणी आणि नारळाची सोडणं पेटवून धूर करायची. तो गुरांसाठी असायचा, पण आम्ही सगळी पोरं वासराला चिकटून त्याच धुरात बसायचो, डोळ्यांतून घळाघळा पाणी, केसांना वास, तिथेच भेंड्या चालायच्या आणि वासरू कुणाचा तरी फ्रॉक चघळत असायचं. ‘डोळ्यांत पाणी इला तरी चलात, आंग सुजाक नको,’ हे आजीचं म्हणणं. स्कायमधल्या जुन्या घरांत पण मधोमध पीटची, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीची, शेगडी असायची, चिमणी नाहीच, धूर घरभर. आजीला पटलं असतं ते.

दुसऱ्या दिवशी वारा होता म्हणून बोरेरेगपर्यंत चालत गेलो. समुद्राकाठचं हिरवंगार गाव, म्हणजे आता नुसत्या बिनछपराच्या दगडी भिंती. बाबा म्हणाले, मिजेसना कंटाळून पळाले वाटतं सगळे. पण तसं नाहीये. 1853 साली जमीनदाराला मेंढ्यांसाठी जागा हवी होती म्हणून लोकांना घरांतून बाहेर काढलं. त्या काळात हायलँड्समधून, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागातून, असे उठवलेले कितीतरी जण बोटीने थेट कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेले.

आई एका भिंतीवर बसली. तिच्या मावशीचं गाव तिलारीच्या धरणात गेलं. ‘निदान भिंती तरी ठेवल्यानी हय,’ म्हणाली आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही, बाबा पण नाही.