दार-ए-सलाममध्ये नवऱ्याचं ऑपरेशन आणि अडकलेलं प्री-ऑथ

टांझानियात नोकरी घेऊन येणार असाल, तर निघण्यापूर्वी तिकडेच एकदा पूर्ण चेकअप करून घ्या आणि सोनोग्राफीचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट स्वतःच्या मेलवर ठेवून द्या. तब्येतीसाठी म्हणत नाहीये, इन्शुरन्सवाल्यांच्या तोंडावर मारायला. आमचं घोडं त्या एका कागदामुळे गंगेत न्हालं, म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही उपांगा भागात राहतो. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे आणि एरवी तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्ड द्या, मशीनवर बोट टेका, डॉक्टरांना दाखवा, औषधं घेऊन घरी या. त्यामुळे एका रात्री त्याच्या पोटात उजवीकडे बरगडीखाली कळा सुरू झाल्या, तेव्हा मला काळजी होती ती दुखण्याची, पैशांची नाही. शहरातल्या नावाजलेल्या खासगी हॉस्पिटलात इमर्जन्सीतून लगेच ॲडमिट करून घेतलं. सोनोग्राफीत दिसलं की पित्ताशयात खडे आहेत आणि पित्ताशय सुजलंय. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून काढून टाकू, पण करायचं तर या दोन-तीन दिवसांतच. सूज जुनी झाली की ऑपरेशन अवघड होतं, मग सहा आठवडे थांबायचं आणि तोवर पुन्हा कळा येणार नाहीत याची खात्री नाही.

ॲडमिशनला मंजुरी लागली नव्हती, ऑपरेशनला मात्र इन्शुरन्स कंपनीची आगाऊ मंजुरी, म्हणजे प्री-ऑथ, हवी. तिथे गाडी रुतली.

हॉस्पिटलचं इन्शुरन्स डेस्क म्हणजे काचेमागे तीन खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली: पेंडिंग. "आम्ही पाठवलंय, त्यांच्याकडून यायचंय." इन्शुरन्स कंपनीला फोन लावला तर, "आम्ही हॉस्पिटलला शंका विचारलीय, त्यांच्याकडून यायचंय." कसली शंका? ते मला सांगता येणार नाही, कारण पॉलिसी माझ्या नावावर नाही. मुख्य सभासदाशीच बोलणार. मुख्य सभासद वरच्या मजल्यावर सलाइन लावून कण्हत पडलेला. शेवटी त्याच्या कानाला फोन धरला. जन्मतारीख विचारली, कार्ड नंबर विचारला, आणि मग सांगितलं काय, तर शंका ईमेलने पाठवली आहे, हॉस्पिटलला विचारा!

पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, सा नानेला या. (नव्याने येणाऱ्यांसाठी: इथे तास सकाळी सहापासून मोजतात. सा नाने म्हणजे आठवा तास, म्हणजे आपले दुपारचे दोन. आठ वाजता जाऊन बसू नका.) दोनला गेले तर तेच पेंडिंग. मग मात्र मी हललेच नाही. काचेसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तो मेल माझ्यासमोर उघडा. शोधाशोध झाली. मेल त्या रिकाम्या खुर्चीच्या इनबॉक्समध्ये होता. खुर्चीचे मालक रजेवर.

शंका काय होती? रात्रीच्या ड्यूटी डॉक्टरांनी विचारलं होतं, त्रास कधीपासून. नवरा म्हणाला, ॲसिडिटी तशी तीन वर्षांपासून आहे. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, लक्षणं तीन वर्षं. पॉलिसी आमची दीड वर्षाची. झालं! खडे आधीपासूनचे, हा संशय. अहो, ॲसिडिटी कोणाला नसते?

दुसऱ्या दिवशी पहाटेच पुण्याला दिराला उठवलं. इथले सकाळचे सात म्हणजे तिकडचे साडेनऊ, लॅब उघडलेली असते, हे अडीच तास त्या दिवशी फार कामी आले. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी केलेल्या चेकअपमध्ये पित्ताशय साफ होतं, हे मला पक्कं आठवत होतं. "वहिनी, सही आहे, पण शिक्का दिसत नाही, चालेल का?" नाही चालणार, म्हटलं, शिक्का मारून घे, मगच स्कॅन कर. फोनने काढलेला फोटो डेस्कने आधीच नाकारला होता. सर्जननी सोबत चार ओळींचं पत्र दिलं: ॲसिडिटी आणि खडे या वेगळ्या गोष्टी, तेव्हाची सोनोग्राफी नॉर्मल, आताचा त्रास नवा. दोन्ही कागद मी स्वतः उभी राहून पाठवून घेतले, आणि "पाठवला" असं स्क्रीनवर दिसेपर्यंत काचेपासून हलले नाही. संध्याकाळी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, एकदम व्यवस्थित. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

तेव्हा ॲडमिट होताना दोन कामं. केसपेपर स्वतः वाचा. खोटं सांगू नका, पण कोणता त्रास कधीपासून हे वेगवेगळं लिहायला लावा. आणि प्री-ऑथची मागणी गेली की डेस्कवरच्या माणसाचं नाव विचारा, त्याची रजा कधी तेही.

पॉलिसीत भारतातले उपचार बसतात का, हे एचआरला आधीच विचारून ठेवा. आणि तिकडचा मेडिक्लेम बंद करू नका, बरेच जण ही घाई करतात. परत जाऊन नवीन घेतलात तर जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मलेरियाचं राहिलंच. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, "उद्या बघू" नाही; इथे बहुतेक फाल्सिपेरम (मलेरियाचा घातक प्रकार) असतो आणि तो वाट बघत नाही. सुट्टीवर गेल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर पावसाळ्यात तिकडे आधी डेंगीच शोधत बसतात.

सासूबाई बघायला आल्या तेव्हा झांझिबारला नेलं. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तिथल्याच सरकारी कंपनीचा ४४ डॉलरचा विमा घ्यावा लागतो, भारतातून काढलेला प्रवास विमा असला तरी. ऑनलाइन आधी भरून टाका.

डिस्चार्जनंतरची औषधं बाहेरून घेतली, त्याचा क्लेम अजून लटकलाय. फार्मसीची हाताने लिहिलेली पावती त्यांना चालत नाही, ईएफडी (करखात्याशी जोडलेल्या बिलाच्या) मशीनची हवी. ती मिळाली, पण तो कागद उन्हात ठेवला की आठवड्याभरात कोरा होतो. पावती हातात पडताक्षणी फोटो काढा.