फ्लॅगस्टाफमधले सहा टायर

ग्रँड कॅन्यनवर आजवर इतके लिहिले गेले आहे की दक्षिण काठावरच्या मुक्कामाबद्दल एवढेच सांगतो: गर्दी असह्य होती आणि सूर्यास्त तिला पुरून उरला. मला लिहायचे आहे ते त्याआधीच्या, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ गावातल्या टायरच्या दुकानाबद्दल, कारण तिथला राग अजून उतरलेला नाही.

ताई, भावोजी, माझी पत्नी आणि मी अशा चौघांनी २०२३ मध्ये फ्लॅगस्टाफलाच एक जुनी मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, विकत घेतली. फोर्डच्या ई-४५० चॅसीवर (चाके-इंजिनासह खालच्या सांगाड्यावर) बांधलेली, पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार चाके असलेली. टायरची नक्षी जवळजवळ नवी होती. भावोजी म्हणाले, "अरे, आपल्याकडे टायर पार गोटा झाल्याशिवाय कोणी बदलतो का? हे अजून दहा वर्षे जातील." परंतु मोटरहोम चालते कमी आणि उभी राहते फार, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधीच ऊन आणि ओझोन खाऊन म्हातारे होतात, त्यातून हे गाव सुमारे २१०० मीटर उंचीवर, म्हणजे ऊनही कडक.

टायरच्या कडेवर 'डॉट' (अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) या अक्षरांपुढे जो संकेतांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात आणि आमच्या मागच्या टायरांवर ती बाजू नेमकी आतली होती. पुठ्ठा अंथरून मी गाडीखाली सरपटलो. विजेरीच्या उजेडात रिमजवळ केसाएवढ्या भेगांचे जाळे दिसले आणि चिखल पुसल्यावर आकडे उमटले: १४१३. म्हणजे २०१३ चा चौदावा आठवडा. टायर उत्पादक साधारणपणे दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात. ती आमच्या गाडीने पार केलेली होती.

नवे टायर निवडण्यापूर्वी गाडी पाण्याची टाकी, इंधन आणि सगळे सामान भरून, आम्हा चौघांसह ट्रकथांब्यावरच्या वजनकाट्यावर नेली. मागच्या आसावर सुमारे ४००० किलो भरले, म्हणजे चार टायरांवर प्रत्येकी हजार. रिकाम्या गाडीचे वजन धरून टायर घेणाऱ्यांचे मला नवल वाटते.

दुकानातल्या गृहस्थाने संगणकात डोकावून २२५/७५ आर १६ मापाचे टायर स्वस्तात देऊ केले. माप अचूक होते, पण त्यावरचा भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) १०४, म्हणजे ९०० किलो, आणि तोही प्रवासी गाडीचा टायर. आम्हाला हवा होता त्याच मापाचा, पण 'एलटी' (लाइट ट्रक, म्हणजे हलका ट्रक) अक्षरांनी सुरू होणारा, 'ई' भारश्रेणीचा, ११५/११२ भारांकाचा टायर: ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवेला एकेरी चाकावर १२१५ आणि जोडीत ११२० किलो पेलणारा. मी हे सांगितले तेव्हा त्याने "माप तर तेच आहे ना" हे वाक्य मला तीनदा, दर वेळी अधिक सावकाश ऐकवले, जणू अडचण माझ्या इंग्रजीची होती. नंतर योग्य टायर गोदामातून आले, तर त्यातल्या दोघांवरची तारीख चार वर्षांपूर्वीची! नव्या टायराची पूर्ण किंमत घेऊन त्याचे जवळजवळ निम्मे आयुष्य गोदामातच घालवलेले असावे, हे मला मान्य नव्हते. जोडीतला एक टायर हवा जाऊन बसला की दुसऱ्यावर सगळा भार जातो, म्हणून जोडीत जुना-नवा मेळ घालायलाही मी तयार नव्हतो. अखेर दोन टायर दुसऱ्या गोदामातून मागवावे लागले आणि आमची रात्र दुकानाच्या आवारात गेली. रेल्वेमार्ग जवळच असल्यामुळे झोपेची गोष्ट न काढलेली बरी.

सकाळी पुन्हा वाद झाला तो व्हॉल्व्हवरून. नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, आणि तेच तो ८० पीएसआयच्या टायरांना बसवू लागला होता. धातूचे व्हॉल्व्ह मिळाले. त्यांचे पैसे मात्र वेगळे लागले.

चाके बसवल्यानंतर पन्नासएक मैलांवर नट पुन्हा आवळून पाहावे लागतात. कॅन्यनच्या वाटेवर ते अंतर व्हॅली या फाट्याशी भरते. भर उन्हात टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना) काढला तेव्हा भावोजी गाडीतूनच म्हणाले, "आता पुरे कर रे!" मागच्या उजव्या चाकाच्या दोन नटांनी जवळजवळ पाव फेरा घेतला, तेव्हा ते मुकाट्याने खाली उतरले आणि उरलेली चाके त्यांनीच तपासली.