प्रश्न विचारायचा तर उभं राहून, एका वाक्यात

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत शिस्त, संस्कार, गॅदरिंग आणि गेटबाहेरच्या चिंचा-आवळे यावर बाकीचे लिहितीलच (आमच्या बॅचचे दोघं तर कविता देणारेत असं कळलंय), म्हणून मी मुद्दाम वेगळा विषय घेतो. मी 1999 च्या दहावीचा, ब तुकडी. आम्हाला नागरिकशास्त्राला ज्या बाई होत्या त्यांना एक नाद होता. पेपरात 'आजचे कार्यक्रम' मध्ये कुठल्यातरी कॉलेजात परदेशातलं कुणी मोठं माणूस लोकशाहीवर, समाज बदलण्यावर वगैरे बोलणार असं दिसलं की त्या शाळेच्या ऑफिसातून फोन लावायच्या आणि सरळ विचारायच्या, आमची पंधरा-वीस पोरं मागच्या रांगेत बसली तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणायचे, कारण दुपारी तीनच्या इंग्रजी भाषणाला हॉल कसा भरायचा ही काळजी त्यांनाही असायचीच. मग आम्ही सायकलींवर आणि बाई लूनावर अशी वरात पेठांतून निघायची, पूल ओलांडून डेक्कन आणि तिथून पुढे जिकडे असेल तिकडे.

आमच्या शाळेत त्या वयात कुणाचं इंग्रजी धड नव्हतं. बाई मागे आमच्यामध्ये बसून हळू आवाजात मराठीत सांगत राहायच्या आणि पुढच्या रांगेतले लोक वळून वळून बघायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी भाषणं आता आठवत नाहीत. युरोपातले एक माजी मंत्री येऊन गेले, एक युनोचे कुणीतरी, एक अमेरिकन प्राध्यापक. सगळ्यांची सुरुवात एकच, जगातली सगळ्यात मोठी लोकशाही, मग गांधीजी, मग टाळ्या, मग चहा आणि वेफर्स. वेफर्स आठवतात. दुसऱ्या दिवशी तासाला बाई 'कसं वाटलं' असं कधीच विचारायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "ते काय म्हणाले ते नको, मीही तिथेच होते. त्यांनी काय केलं ते सांग." माजी मंत्र्यांच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गात एकाही पोराला काही सांगता येईना, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या की बरं, पुस्तक उघडा.

अपवाद दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या एका बाईंचा. आम्ही नववीत होतो, म्हणजे 1998, लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली. माझ्या घरी छोटा छापखाना, त्यामुळे तेव्हा घरात रात्रंदिवस हँडबिलं चालू, जेवायला बसलं तरी हाताला शाईचा वास. बाबा प्रत्येक प्रूफावर आधी तळ बघायचे, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्यात 127 अ कलम आहे आणि ती ओळ राहिली तर छापणारा अडकतो. मजकूर काय आहे त्याचं त्यांना फारसं काही नसायचं.

तर त्या आफ्रिकेच्या बाई. तिकडच्या शिक्षक संघटनेतल्या पुढारी, वर्णभेदाच्या काळात तुरुंगात राहून आलेल्या, अंगाने ठेंगण्या, आवाज मात्र असा की माईक बंद पडला तरी शेवटपर्यंत ऐकू येईल. त्यांनी भारताचं कौतुक एका वाक्यात उरकलं आणि थेट 27 एप्रिल 1994 वर आल्या, म्हणजे तिकडे काळ्यांसकट सगळ्यांना मत मिळालं त्या पहिल्या निवडणुकीवर. आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. इतकी वर्षं शाळेत शिकवत होत्या, कर भरत होत्या, पण मत नाही. पहाटेपासून रांगेत होत्या. मतदारयादी असा प्रकारच नव्हता कारण एवढ्या लोकांची यादी करायला वेळच मिळाला नव्हता, ओळखीचा कागद दाखवायचा, हाताला न दिसणारी शाई लावायची आणि कुणी दुसऱ्यांदा आलं की जांभळ्या दिव्याखाली हात धरला की ती शाई चमकते. हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात टेबललॅम्पखाली धरून दाखवला, आणि तोवर पेंगत असलेली आमची रांग ताठ बसली.

मग मतपत्रिका. लांबलचक कागद, पक्षांची नावं, चिन्हं आणि शेजारी प्रत्येक पक्षाच्या नेत्याचा फोटो. हे सगळं इंग्लंडात छापून तयार. आणि मतदानाला जेमतेम आठवडा राहिलेला असताना, 19 एप्रिलला, नाताळ प्रांतातला इन्काथा पक्ष, जो तोपर्यंत बहिष्कार घालून बसला होता आणि ज्याच्या आणि मंडेलांच्या पक्षाच्या माणसांत कित्येक वर्षं खूनखराबा चालू होता, तो म्हणाला आम्ही पण येतो. आता छापलेल्या कागदात एकोणिसावा पक्ष घुसवायचा कसा? तर त्यांनी एक पट्टी छापली आणि ती प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाला चिकटवली. कोट्यवधी कागद!

मी छापखान्यातला पोरगा, माझ्या डोक्यात लोकशाही वगैरे नव्हतीच, गोंद होता. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा पुण्याच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या दोन काकांनी प्रश्न न विचारता स्वतःची भाषणं केली. बाईंनी मला कोपराने ढोसलं. त्यांचा नियम ठरलेला, प्रश्न विचारायचा तर उभं राहून, एका वाक्यात, आणि आधी 'थँक्यू फॉर युवर वंडरफुल स्पीच' म्हणायचं नाही. मी उभा राहिलो आणि मराठीत विचारलं, "ती पट्टी निघाली तर?" बाईंनी इंग्रजीत सांगितलं. कॉलेजची पोरं हसली.

पाहुण्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी पण तेच बघितलं. आत गेल्यावर शिक्का मारायच्या आधी, म्हणजे तिकडे फुली मारतात, त्यांनी पट्टीच्या कडेला नख घालून बघितलं, निघत नाही ना. "माझं मत त्यांना नव्हतं. पण ती पट्टी जागेवर राहायलाच हवी होती, नाहीतर हरल्यावर ते म्हणाले असते की आम्ही कागदावरच नव्हतो, आणि मग परत मारामाऱ्या." एवढं बोलून त्यांनी मला विचारलं की तू असं का विचारलंस, तर बाईंनीच परस्पर सांगून टाकलं की त्याच्या वडिलांचा प्रेस आहे. त्यावर मात्र त्या खूप हसल्या. त्या पट्टीवरच्या पक्षाला साडेदहा टक्के मतं पडली, 400 पैकी 43 जागा, आणि त्याचे नेते बुथेलेझी मंडेलांच्या सरकारात गृहमंत्री झाले, हे मी नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी 'त्यांनी काय केलं' या प्रश्नाला वर्गातले सगळे हात वर होते आणि निम्मी पोरं बाकाच्या कडेला नख घालून दाखवत होती.

त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या ज्या पुस्तकात नव्हत्या. एक, अशी भाषणं ऐकायला दर वेळी परदेशातलाच माणूस लागतो असं काही नाही. 22 डिसेंबर 1952 ला आपल्याच पुण्यात, जिल्हा विधी ग्रंथालयात, डॉ. आंबेडकर लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावर वकिलांपुढे बोलले होते. त्यांची व्याख्या बाईंनी फळ्यावर लिहिली, लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती. मग त्यांनी घातलेल्या अटी, समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात सगळे सारखे हवेत, बहुमताची अल्पमतावर दंडेली नको, अशा सगळ्या. विरोधी पक्ष या अटीपाशी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, ती पट्टी आठवते ना. एवढंच. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो हेही त्याच भाषणात आहे आणि ते ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला होता, बाई, विरोध करायचे पैसे? आज तो नगरसेवकाच्या ऑफिसात आहे, नाव लिहीत नाही.

दुसरी गोष्ट गोखल्यांची. फर्ग्युसनमध्ये शिकवलेला आपला माणूस 1912 साली दक्षिण आफ्रिकेत पाहुणा म्हणून गेला, गावोगाव सभा, स्वागतं, सत्कार. तिथल्या कोकणी लोकांसमोर तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो असं गांधीजी म्हणाले तेव्हा तुम्हाला मराठी कधीपासून यायला लागलं अशी थट्टा गोखल्यांनी केली, पण बोलले मराठीतच. आणि सत्कारांवर न थांबता ते मंत्र्यांना भेटले, गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर काढा म्हणून. काढतील अशा समजुतीने परत आले. सरकारने काढला नाही, 1913 मध्ये मजुरांचा मोठा संप झाला, तेव्हा कुठे 1914 ला तो गेला. बाईंच्या हिशोबात गोखले पास, कारण ते काय म्हणाले ते कुणाला आठवत नसलं तरी कशासाठी गेले होते ते एका वाक्यात सांगता येतं.

नंतर कॉलेजात, आणि आता धंद्याच्या निमित्ताने, असे कार्यक्रम खूप बघितले, कारण त्यांचे बॅनर, फोल्डर, गळ्यात अडकवायची कार्डं आम्हीच छापतो. कार्डं चकाचक झाली, प्रश्न गेले. हल्ली प्रश्न आधी गुगल फॉर्मवर मागवतात आणि स्टेजवरचा निवेदक त्यातले गुळगुळीत तेवढे वाचतो. मला हे पटत नाही. 7 नोव्हेंबर 2010 ला ओबामा मुंबईत सेंट झेवियर्सच्या पोरांसमोर उभे होते, आमच्या प्रेसमध्ये टीव्ही लावला होता, एका मुलीने सरळ विचारलं की पाकिस्तान तुम्हाला एवढा जवळचा मित्र का, त्याला तुम्ही दहशतवादी देश का म्हणत नाही, आणि अमेरिकेच्या अध्यक्षाला तिथे उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागलं. उत्तर गोलमोल होतं ते जाऊ द्या. प्रश्न आधी कुणी गाळला नव्हता हे महत्त्वाचं.

आता मुद्द्याचं. अमृतमहोत्सवाच्या सांगता समारंभाला परदेशातून पाहुणे बोलवायचं घाटतंय आणि निमंत्रणपत्रिका छापायचं काम शाळेने माझ्याकडे दिलंय, त्याबद्दल आभार, कागदाचे पैसे सुद्धा घेणार नाही. पण कच्चा मजकूर आलाय त्यात दीपप्रज्वलन आहे, स्वागतगीत आहे, परिचय आहे, सत्कार तर तीन आहेत, आणि भाषणानंतर एकदम आभारप्रदर्शन आणि पसायदान. पत्रिकेत जे छापलेलं नसतं ते उशीर झाला की पहिलं कापलं जातं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. तेव्हा भाषण आणि आभार यांच्यामध्ये 'विद्यार्थ्यांचे प्रश्न, अर्धा तास' अशी ओळ मी टाकतोय, बोल्डमध्ये. कुणाची हरकत असेल तर प्रूफ सोमवारपर्यंत प्रेसमध्ये आहे, येऊन बघा, आणि छापून झाल्यावर कुणाला ओरडायचं असेल तर तळाला मुद्रक म्हणून नाव-पत्ता माझाच आहे.