तीन सीझनचं वटवाघूळ

सिनसिनाटीला ताईकडे गेलो होतो, त्यातलं बाकी सगळं म्हणजे मॉल, देऊळ आणि पॉटलक, ते सोडून देतो. लिहायचंय ते तिथल्या किंग्ज आयलंड या अम्युझमेंट पार्कबद्दल, म्हणजे खरं तर तिथे आता नसलेल्या एका राइडबद्दल.

भाचा रोलरकोस्टरवेडा. गाडीत बसल्यापासून त्याची टेप चालू, मामा इथली बीस्ट कोस्टर १९७९ची, मामा ती लाकडी आहे, मामा ७३६१ फूट लांब आहे, मी आपला हं हं. पण बॅटचा, म्हणजे वटवाघूळ नावाच्या राइडचा विषय निघाला आणि मी जागा झालो. १९८१ला ॲरो कंपनीने इथे ही स्टीलची कोस्टर उभी केली, डबे रुळावर नाही, रुळाखाली टांगलेले, झुलत जाणारे. आणि १९८३चा सीझन संपला तशी बंद, कायमची!

कारण ऐकून तर डोकंच फिरलं. घाटातला रस्ता वळणावर बाहेरच्या बाजूने उचललेला असतो की नाही, तसं यांनी रुळाला काही केलंच नव्हतं, वळणावर रूळ सपाट. डबा बाहेर फेकला जायचा, आणि तो सगळा ताण रुळाने, खांबांनी आणि शॉक ॲब्सॉर्बरनी सोसायचा. मग काय, सारखी दुरुस्ती. लगेच १९८४ला त्याच ॲरोने व्हर्जिनियात वळणं कलती ठेवून बिग बॅड वुल्फ बांधली, ती २००९पर्यंत चालली. एवढं साधं आधी सुचू नये? भाचा म्हणतो, मामा, आधी कोणी बनवलीच नव्हती ना अशी. बरं बाबा.

सध्या बॅट म्हणून जी आहे ती १९९३ची, पण त्याच जातीची, जुनीची आठवण म्हणून २०१४ला हे नाव दिलं. तीत बसलो. झाडीतून जाते, वळण आलं की डबा असा आडवा होतो की बुंधे अगदी खांद्याशी आल्यासारखे वाटतात, मी मांडीवरची दांडी दोन्ही हातांनी आवळून आईचं नाव घेत होतो आणि शेजारी भाचा हात वर करून खिदळतोय. उतरल्यावर पाय लटपटत होते, तरी म्हटलं परत चल.

मला जुन्या बॅटची जागासुद्धा बघायची होती. तिथे १९८७ला व्हॉर्टेक्स नावाची दुसरी कोस्टर आली, बॅटचंच स्टेशन वापरून, आणि २०१९ला तीही गेली. ताई म्हणाली, "अरे काहीच नाहीये तिथे, एवढ्या उन्हात काय बघणार आहेस?" मी आणि भाचा गेलोच, ती आईस्क्रीमच्या लाइनीत.