चिलर दुरुस्त करायला गेलो आणि टँकमध्येच अडकलो

मी मूळचा एसी-फ्रीजवाला. आयटीआय केलं, डोंबिवलीत गाळा घेतला. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात माश्या मारत बसायचं, असं चाललेलं. 2011 च्या मे महिन्यात मुलुंडहून एका डॉक्टरांचा फोन आला, "पाणी थंड करायचं मशीन बिघडलंय, मासे मरतायत." वॉटर कूलर असेल म्हणून गेलो, तर हॉलमध्ये चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक. क्लाउनफिश वर येऊन धापा टाकत होते. पाणी 31 अंशांवर. हवं होतं 25-26.

चिलर चालू होता, कॉम्प्रेसर ठणठणीत. पण सुताराने तो टँकखालच्या कपाटात बसवून दारं लावून टाकलेली. चिलर पाण्यातली उष्णता काढून हवेत सोडतो. ती गरम हवा कपाटातच कोंडायची आणि तीच पुन्हा आत ओढली जायची. मी मागची प्लाय कापली, कंडेन्सरवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ ब्रशने झाडली. रात्री डॉक्टरांनी विचारलं, "कोणता पार्ट बदललास रे?" म्हटलं, "पार्ट नाही साहेब, भोक पाडलं."

पुढे दर महिन्याला जायला लागलो, चिलर कमी आणि टँक जास्त बघायला. स्वतःचा दोन फुटी टँक लावला, तेव्हा वाटलं मीठ कशाला विकत घ्यायचं, अलिबाग काय लांब आहे? कॅन भरून पाणी आणलं. ऐन पावसाळ्यात. रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या नळीच्या, काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं, तर निळ्या-पांढऱ्याची रेघ 28 वर. समुद्राचं पाणी 35 च्या आसपास हवं, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. किनाऱ्याजवळ नद्यांचं पाणी आणि गाळ मिसळलेला, वर सांडपाणी. ते सगळं ओतून दिलं. तेव्हापासून आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेलं शुद्ध पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, आणि त्यात समुद्री टँकसाठीचं तयार मीठ. पहिलं पोतं घरी आलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एवढं मीठ तर सासूबाई लोणच्याच्या दिवसांतसुद्धा आणत नाहीत."

या धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं मिठावरूनच होतात. टँकमधून उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरायची. ठाण्यातलं एक कुटुंब "समुद्राचा टँक आहे" म्हणून ती मिठाच्या पाण्याने भरत होतं. मी गेलो तेव्हा खारटपणा 41. तो एका दिवसात खाली आणला असता तर झटक्यानेच जीव गेले असते. थोडं थोडं पाणी बदलत आठवडा लावला. आता आम्ही टॉप-अपची (उडालेलं पाणी आपोआप भरणारी) टाकी आणि पातळी ओळखणारा फ्लोट सेन्सर लावल्याशिवाय काम हातातच घेत नाही. आणखी एक, पुण्याचे लोक विचारतात, "पंख्यावर भागेल ना?" कोरड्या हवेत पाणी उडतं, गारवा येतो, तिथे बऱ्यापैकी भागतं. मुंबईच्या दमट हवेत पाणीच नीट उडत नाही, इथे चिलरच लागतो.

आता माझी चूक सांगतो. 2014 साली एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या टँकमध्ये माशांना पांढरे ठिपके आले. मी तांब्याचं औषध थेट मुख्य टँकमध्ये घातलं. माशांना उतार पडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी क्लीनर श्रिम्प आणि सगळ्या गोगलगायी तळाशी पडलेल्या. तांबं कवचवाल्यांना विष, आणि ते दगडात, वाळूत मुरून बसतं. काका एक शब्द रागाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. सगळे दगड, सगळी वाळू बदलून दिली, माझ्या खर्चाने. त्या महिन्याचं गाळ्याचं भाडं बायकोच्या शिवणकामातून गेलं. तेव्हापासून आजारी मासा वेगळ्या टबात जातो आणि नवा मासा महिनाभर क्वारंटाइनमध्ये राहतो.

प्रवाळाबद्दल विचारणारे बरेच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली 2001 पासून कडक प्रवाळ वाघाच्याच यादीत आहे, समुद्री घोडाही. मुंबईत लपूनछपून मिळतं, फोटोही येतात. आम्ही ते लावत नाही आणि दुसऱ्याने ते लावलेल्या टँकची देखभालही घेत नाही. आमचे दगड कृत्रिम, बनवलेले असतात, क्लाउनफिश हॅचरीत पैदास केलेले. काही गिऱ्हाइकं त्यावरून गेली. ज्याला प्रवाळ बघायचंय त्याला मी मालवणला स्नॉर्केलिंग कर म्हणतो.

पैसा टँक विकण्यात फारसा नाही, देखभालीत आहे. नवा टँक लावल्यावर चार ते सहा आठवडे रिकामा चालवावा लागतो. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचा नायट्राइट आणि त्याचा नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायला तेवढा वेळ लागतो. "रविवारी वास्तुशांत आहे, मासे हवेतच," असं म्हणणाऱ्यांना सरळ गोड्या पाण्याचा टँक सुचवतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळं व्हिडिओ कॉलवर. पवईच्या एक आजी टेस्ट ट्यूब मोबाइलसमोर धरायच्या, रंग काही नीट दिसायचा नाही. मी विचारायचो, "आजी, हळदीसारखा पिवळा की कैरीसारखा हिरवा?" पिवळा म्हणजे अमोनिया नाही. त्या काळात आमचा एकही टँक बंद पडला नाही, फक्त मीठ मिळेना म्हणून पाणी बदलणं निम्म्यावर आणलं.

आज दोन मुलं हाताखाली आहेत आणि 34 टँक. कल्याणपासून वांद्र्यापर्यंतच जातो. त्यापलीकडे लाइट गेल्यावर वेळेत पोचता येत नाही. बॅटरीवरचा एअर पंप मात्र प्रत्येकाकडे ठेवायला लावतो. दिवाळीत गावी जाणाऱ्यांनी निदान आठ दिवस आधी कळवावं, टॉप-अपची टाकी भरायला एक फेरी लागते. आणि चिलरसमोर फराळाचे डबे ठेवू नका. गेल्या वर्षी दोन घरी ठेवले होते.